बाराबंदीची गाठ आणि सर्किटची वायर

यावेळी आलेल्या पत्रांत चार पत्रं एकाच विषयावरची निघाली, जुने पोशाख आणि नवी टेक्नॉलॉजी एकत्र कशी आणायची. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकात घेते, ही चार आधी.

प्रश्न: ताई नमस्कार, मी फॅशन डिझाईनच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला ६ कपड्यांचं छोटं कलेक्शन करायचंय आणि माझी थीम आहे इतिहास आणि टेक्नॉलॉजी. मी शिवकाळ घेतलाय, म्हणजे मावळ्याचा ड्रेस, त्यावर चंदेरी फॉईलचं चिलखत, जिरेटोपाला एलईडी आणि एका नऊवारीवर सर्किट बोर्डाची डिजिटल प्रिंट. मला तर स्केचेस लय भारी वाटत होती पण मॅडम म्हणाल्या हे गॅदरिंगमधल्या फॅन्सी ड्रेससारखं दिसतंय, परत विचार कर. दोन दिवस जेवण गेलं नाही मला. बजेट २०,००० रुपये, वेळ १० आठवडे. थीमच बदलू का?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर: थीम अजिबात बदलू नको बाळ. थीम चांगली आहे, फक्त तू दोन्हीकडचं वरवरचं उचललंयस, म्हणजे इतिहासातनं जिरेटोपाचा आकार घेतलास आणि टेक्नॉलॉजीतनं लुकलुकणारा दिवा, आणि एकावर एक ठेवलंस. मॅडमना जे खटकलं ते हेच असणार. कपडा कसा दिसायचा हे तू बघितलंस, तो काम कसा करायचा हे बघितलं नाहीस. जुना कपडा स्वतःच एक यंत्र असतो गं, त्याला वरनं यंत्र चिकटवायची गरज नसते.

मला हे कसं कळलं ते सांगते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका नाटकासाठी मी मावळ्यांचे अंगरखे शिवले होते, वेळ कमी होता म्हणून शर्टाचाच मुंढा काढला, शर्टाचीच बाही बसवली आणि वरनं बंद लावले, लांबनं बघणाऱ्याला एकदम अंगरखा. पहिल्याच प्रयोगाला तलवार वर गेली आणि दोघांच्या काखा टराटरा उसवल्या. दुसऱ्या दिवशी एका वयस्कर शिंपीकाकांकडं ते घेऊन गेले. ते काही बोलले नाहीत, कागदाचा एक छोटा चौकोन कापला, तिरका धरला आणि काखेच्या जागी ठेवून दाखवला. चौबगला. मी तो शब्द ऐकला होता पण तो तुकडा तिथं कशासाठी असतो हे तेव्हा कळलं. चौकोन तिरका बसला की कापड उभ्या-आडव्या धाग्यावर न ताणता तिरकं ताणतं, म्हणून हात वर गेला तरी अंगरखा वर चढत नाही आणि शिवण तुटत नाही, आणि बाही सरळ पट्टीची राहिल्यामुळं कापडही वाया जात नाही. मला विचारशील तर हीच टेक्नॉलॉजी आहे, अगदी जिला इंजिनिअरिंग म्हणतात तीच.

तर आता तुझ्या वहीत नव्यानं सुरुवात कर. प्रत्येक जुन्या कपड्यापुढं एकच प्रश्न लिही, हा नेमकं काय काम करतो आणि कशाच्या जोरावर करतो. मग प्रत्येक यंत्रापुढं तोच प्रश्न. जिथं दोन उत्तरं जुळतील तिथं तुझा ड्रेस आहे. उदाहरण म्हणून मी बाराबंदी घेते. बारा बंद म्हणजे सहा गाठी. गाठ काय करते, तर दोन टोकं जोडते. आणि इलेक्ट्रिक सर्किट तरी दुसरं काय मागतं, दोन टोकं जोडली की करंट वाहतो, सोडली की थांबतो. म्हणजे बाराबंदीची गाठ हाच स्विच! डाव्या बंदात आणि उजव्या बंदात स्टीलचा वीज वाहणारा दोरा घालून शिव, गाठ मारली की दोरे एकमेकांना टेकतात आणि त्या गाठीचा दिवा लागतो. सहा गाठी, सहा दिवे. मॉडेल रॅम्पवर येऊन उभी राहील आणि सगळ्यांसमोर एक एक गाठ मारेल, इतकं जरी झालं तरी कोणाला काही समजावून सांगावं लागणार नाही.

हे करताना काय काय अडतं ते आधीच सांगून ठेवते कारण इथंच पोरी रडकुंडीला येतात. सेल नाण्यासारखा घे, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. सेलच्या प्लसपासनं आधी एलईडी आणि मग डावा बंद, आणि उजवे सगळे बंद एकत्र मायनसला, असं ठेवलंस की कुठला बंद चुकून कुठल्याही बंदाला चिकटला तरी मध्ये एलईडी असतोच, सेल शॉर्ट होत नाही. एलईडी सगळे एकाच रंगाचे घे, पिवळे घे, पांढरे-निळे ३ व्होल्टवर मंद लागतात आणि रंग मिसळलेस तर एकच भगभगून लागेल आणि बाकीचे विझल्यासारखे दिसतील. स्टीलचा दोरा मशीनच्या वरच्या रिळावर लावू नको, सारखा तुटेल, बॉबिनमध्ये भर आणि वर साधा दोरा ठेव. त्या दोऱ्याची गाठ सुटते, म्हणून गाठीवर नेलपॉलिशचा थेंब टाक. दोन दोरे एकमेकांवरनं जायला नकोत, जायलाच लागले तर मध्ये कापडाची चकती. सेल खिशात प्रेस बटणावर ठेव म्हणजे धुताना काढता येईल. आणि दिवे उघडे लावू नको, बाहेरच्या मलमलच्या आत, अस्तराच्या वर लाव, प्रकाश कापडातनं झिरपला पाहिजे. आणखी एक, रॅम्पच्या झगझगीत लाईटमध्ये एवढे छोटे दिवे दिसतच नाहीत, तेव्हा लाईटवाल्या दादांना आठवडाभर आधी भेटून तुझ्या वेळेला लाईट कमी करायला सांग.

चिलखताचं बघू. फॉईल काढून टाक. खरं चिलखत कड्यांचं असतं, एक कडी चार कड्यांत अडकवलेली, म्हणून लोखंड असूनही ते कापडासारखं वाकतं. आणि गंमत बघ, आज थ्रीडी प्रिंटिंगवाले जे लवचीक कापड छापतात तेही असंच, एकमेकांत अडकलेली कडी छापून. अमेरिकेत नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबनं २०१७ मध्ये धातूचं असं विणल्यासारखं कापड छापून दाखवलं होतं. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीच्या लोहारानं काढलेला तोडगा नव्या यंत्रालाही सोडता आला नाही. तुझ्या बजेटमध्ये पूर्ण चिलखत प्रिंट होणार नाही, फक्त खांदा आणि गळा कर. किंवा माझं ऐकशील तर प्रिंटरकडं जायच्या आधी शिवाजी उद्यमनगरात एक चक्कर मार, किलोवर वॉशर मिळतात, तांब्याचे-पितळेचे-स्टीलचे, वेगवेगळ्या मापाचे, त्यांना कड्या घालून एक वीतभर तुकडा विणून बघ. आपल्या गावाची टेक्नॉलॉजी म्हणजे लेथ आणि फौंड्री, ती कलेक्शनमध्ये आली तर कोल्हापूर दिसेल. फक्त वजन जप. सगळा भार खांद्यावर आला तर मॉडेलला चालवणार नाही, कमरेला पट्टा आवळला की निम्मा भार कमरेवर उतरतो, जुने शिलेदारही कमरपट्टा बांधायचे त्याचं एक कारण हे. थ्रीडी प्रिंट केलंस तर पीएलए प्लॅस्टिकचे तुकडे उन्हात बंद गाडीत ठेवू नको, साठेक डिग्रीला ते मऊ पडतं, शोच्या सकाळी वाकडं झालेलं चिलखत हातात येईल.

नऊवारीवरची सर्किटची प्रिंट मला सगळ्यात जास्त खटकली, कारण कासोटा घातला की निम्मी प्रिंट आत जाते, बघणाऱ्याला काही कळत नाही आणि छपाईचे पैसे मात्र सगळ्या कापडाचे जातात. असं कर. मांजरपाट आण, ९ वार म्हणजे साधारण ८.२ मीटर, मैत्रिणीला नेसव, आणि बाहेरनं जेवढा भाग दिसतो तेवढ्यावर खडूनं रेघा मार, निऱ्यांच्या घड्या, कासोट्याची कड, पदराचा खांदा. मग सोडून जमिनीवर पसर. जे दिसेल ना तो नऊवारीचा नकाशा असेल, कुठं तुकडे, कुठं पट्टे, कुठं मोठी कोरी जागा, बिनशिवणीचं एक कापड अंगावर कसं बसतं त्याचा अख्खा हिशोब. तो नकाशा स्कॅन कर आणि तीच तुझी प्रिंट. नेसल्यावर सगळ्या रेघा जुळून येतील आणि सोडल्यावर परत विस्कटतील. सर्किट बोर्डाच्या प्रिंटपेक्षा हे कितीतरी जास्त टेक्नॉलॉजीचं काम आहे.

चौथं म्हणून इरकल बघ. इरकल लुगड्यात अंगाचा ताणा, म्हणजे मागावर आधी चढवलेले उभे धागे, सुती आणि पदराचा ताणा रेशमी, दोन वेगळे ताणे, आणि ते एकेक फासा एकमेकांत अडकवून जोडलेले असतात, त्याला टोपी-तेणी म्हणतात. कुठं शिवण नाही, कुठं गाठ दिसत नाही. आजकाल मॉड्युलर म्हणून सगळं चालतं ना, भाग काढायचे भाग घालायचे, तर बाही आणि अंग असं फाश्यांनी जोडून बघ, चेन नको, व्हेल्क्रो नको, एक लांब दोरी फाश्यांतनं ओढली की बाही बसली, दोरी काढली की बाही सुटली.

उरलेले दोन तू शोधायचेस. मी फक्त इशारा देते, लहान बाळाची कुंची आणि धनगराची घोंगडी. पट्टणकोडोलीच्या यात्रेत खांद्याखांद्यावर घोंगडी दिसते, तिला चिंचोक्याची खळ देतात म्हणून ती ताठ राहते, अंगावर घेतली की तंबूसारखी उभी राहते, पाऊसही बराच अडवते. ताठपणा हवा असेल तर बक्रम आणि फ्यूजिंग सोडून चिंचोक्याची खळ करून बघायला काय हरकत आहे. आणि त्या दोनांतला एक कपडा एकदम साधा ठेव, दिवा नाही, धातू नाही, नुसता चांगला बेतलेला अंगरखा, चौबगला मात्र वेगळ्या रंगाचा, म्हणजे हात वर गेला की तोच दिसेल.

जगात हे कोणी कसं केलंय ते बघायचं असेल तर हुसेन चलायन या डिझायनरचं २००७ च्या समरचं कलेक्शन शोध, व्हिडिओ सापडतात. त्याचं नाव एकशे अकरा, कारण १११ वर्षांची फॅशन त्यात आहे. मॉडेल नुसती उभी असते आणि तिचा ड्रेस आतल्या बारीक मोटरींनी स्वतःच बदलत जातो, जुन्या लांब झग्याची कड वर सरकते, गळा उघडतो, टोपीची कड आत जाते, एका काळातला ड्रेस दुसऱ्या काळात शिरतो. मोटर तिथं दाखवायला नाहीये, काळ सरकवायला आहे. आणि इरिस व्हॅन हर्पेन या डिझायनरचं २०१० पासनंचं थ्रीडी प्रिंटचं काम बघ. नक्कल करायला नको, मोटर आणि प्रिंटर त्यांनी कुठल्या कामाला लावले ते बघायला.

इथं गावात मात्र पायानं फिर. न्यू पॅलेसमधलं शहाजी छत्रपती म्युझियम लहानपणी सहलीत बघितलं असशील, आता स्केचबुक घेऊन जा आणि बंद कुठं लागलेत, घेराच्या कळ्या (तिरके तुकडे) किती आहेत, घेर कुठनं सुरू होतो एवढंच काढ. कपड्याची मापं डोळ्यांनी घ्यायची सवय लाव. आणि बाबूराव पेंटरांची आठवण ठेव, नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या या माणसानं याच गावात स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा बनवला आणि त्यावर पौराणिक-ऐतिहासिक सिनेमे काढले, पोशाखापासनं पडद्यापर्यंत सगळं बघून. इतिहास आणि टेक्नॉलॉजी ही थीम कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वीच जगून झालीय, तुला लाजायचं काही कारण नाही.

वेळेचं म्हणशील तर पहिले दोन आठवडे नुसतं बघणं आणि काढणं, पुढचे तीन आठवडे सगळे सहा कपडे मांजरपाटात, हे चुकवू नको, खऱ्या कापडाला त्याआधी कात्री लावायची नाही, आणि सर्किट वेगळ्या चिंधीवर चालवून बघायचं. मग चार आठवडे शिलाई. शेवटचा आठवडा मोकळा ठेव, तो उसवण्यात जातो. रंग तीनच घे, मांजरपाटाचा कोरा, घोंगडीचा काळा आणि तांब्याचा. आणि जेवत जा वेळेवर.

प्रश्न: मॅडम, आमचा इचलकरंजीत घरचा यंत्रमागाचा व्यवसाय आहे, वडिलांच्या काळापासून. मुलगी पुण्यात डिझाईन शिकते. ती म्हणते पप्पा आपल्याच मागावर माझ्या कलेक्शनचं कापड काढू आणि त्याला टेक्नॉलॉजीची थीम आहे म्हणते, त्यात आपलं नाव विणणार, कॉम्प्युटरच्या भाषेत. मला हे काही समजत नाही. माग म्हणजे जुनं काम, त्यात कॉम्प्युटर कुठून आला? आणि चार मीटर कापडासाठी माग थांबवणं परवडत नाही. पोरीचं मनही मोडवत नाही.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: दादा, मुलीचं बरोबर आहे, आणि कॉम्प्युटर मागात आला नाही, मागातनं कॉम्प्युटरकडं वाट गेली. फ्रान्समध्ये लिऑं शहरात जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४ मध्ये जो माग काढला, ज्याला तुम्ही जेकार्ड म्हणता, त्यात भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं होती. जिथं भोक तिथं ताण्याचा धागा उचलायचा, जिथं भोक नाही तिथं खाली ठेवायचा. आहे किंवा नाही, एवढीच भाषा. त्या मागावर १८३९ मध्ये जॅकार्डचंच रेशमी चित्र विणलं, त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली, आणि त्यातलं एक चित्र इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजनं आपल्या घरी ठेवलं होतं. बॅबेजनं जे हिशोबाचं मोठं यंत्र आखलं त्यात त्यानं हीच कार्डांची युक्ती घेतली, आणि एडा लव्हलेसनं १८४३ मध्ये त्यावर लिहिताना म्हटलं की जेकार्ड माग जशी फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणेल. पुढं चंद्रावर गेलेल्या अपोलो यानाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रामही बायकांनी हातानं विणला होता, तांब्याची बारीक वायर चुंबकाच्या कडीतनं गेली तर १, बाहेरनं गेली तर ०. एक वायर चुकली तर प्रोग्राम चुकला. तुमच्या घरातल्या बाईमाणसांनी कांड्या भरताना जे लक्ष ठेवलं असेल ना, तेच हे लक्ष.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये आला, विठ्ठलराव दातारांनी आणला, म्हणजे जॅकार्डनंतर बरोबर शंभर वर्षांनी. तुमची लेक ज्या घरात जन्मली ते घर या गोष्टीच्या मध्यावर उभं आहे, मला तर तिचा हेवा वाटतो.

आता परवडण्याचं. ताणा बदलायला सांगत असेल तर तिला नाही म्हणा, कारण वहिफणीपासनं सगळं नव्यानं करायचं म्हणजे खर्च आणि खाडा दोन्ही, आणि बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेला रूळ, काही चार मीटरची भरत नाही कोणी. पण चालू बीमच्या शेवटाला थोडा ताणा उरतोच, त्यावर फक्त बाणा, म्हणजे आडवा धागा, बदलून तिचं काम होऊ शकतं. साध्या मागावरही होतं. नाव विणायचं म्हणजे अक्षरं काढायची नाहीत, ती जेकार्डशिवाय निघणार नाहीत. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक इंग्रजी अक्षराला ०-१ चा आठ घरांचा आकडा असतो, १ म्हणजे गडद पट्टा, ० म्हणजे कोरा पट्टा, असे आडवे पट्टे टाकत गेलं की नाव होतं. बघणाऱ्याला नुसतं पट्ट्यांचं कापड दिसेल, तुमच्या घरच्यांना मात्र त्यात आजोबांचं नाव वाचता येईल. दोन पेट्यांचा माग असेल तर दोन रंगांचे धोटे आपोआप बदलतील, नसेल तर हातानं कांडी बदलत बसायला लागेल, ते काम तिला करू द्या. पट्टा किती पिकांचा, म्हणजे बाण्याच्या किती धाग्यांचा, ते आधी कागदावर ठरवून घ्या, फार बारीक घेतला तर धुतल्यावर पट्टे एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात.

दुपारभर एक माग द्या तिला. आणि तुमच्या माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला तिच्या शेजारी उभं करा, कॉलेजात हे कोणी शिकवत नाही.

प्रश्न: आमचं घर पिढ्यान्पिढ्या कोल्हापुरी चप्पल करतं. हल्ली कॉलेजची मुलं येतात, म्हणतात लेझरनं नक्षी काढून द्या, सोलमध्ये लाईट बसवा, फ्युचरिस्टिक करा. नाही म्हटलं तर हे लोक जुनाट आहेत म्हणतात. करून दिलं तर फोटोत आमचं नाव नसतं. काय करावं?
– एक कारागीर घरातली सून, सुभाषनगर

उत्तर: वहिनी, आधी नावाचं बोलते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडानं अगदी कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या तेव्हा सुरुवातीला आपलं नाव नव्हतं, इकडं आवाज उठला तेव्हा त्यांनी मान्य केलं. एवढ्या मोठ्या ब्रँडला मान्य करायला लागतं तर कॉलेजच्या मुलांना नक्कीच लागेल. सँपलचे पैसे आधी घ्या, आणि कार्डावर, फोटोखाली, रॅम्पच्या घोषणेत कारागिराचं नाव येणार असं कागदावर लिहून घ्या. देत नसतील तर काम करू नका. यात जुनाटपणा काही नाही.

लेझरचं म्हणाल तर बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं आपलं कातडं लेझरवर कापलं जातं, कडा काळ्या पडतात आणि वास येतो, पण जमतं. क्रोमनं कमावलेलं कातडं मात्र लेझरखाली घालू देऊ नका, त्याचा धूर वाईट. आणि रेक्झिन तर अजिबात नाही, ते पीव्हीसी असतं, त्यातनं क्लोरीनचा विषारी वायू निघतो, माणसाच्या छातीला आणि मशीनला दोन्हीला खातो. हे मुलांनाही ठणकावून सांगा.

सोलमध्ये लाईट नको. सोल सोलून, खोबणी करून सेल बसवला की चप्पल पावसात एक दिवस टिकणार नाही. मुलांना खरंच टेक्नॉलॉजी बघायची असेल तर तुमच्याकडं एक दिवस बसवा आणि चप्पल उलगडून दाखवा, खिळा नाही, कातड्याच्याच वादीनं शिवलेले थर, कान कसा बसतो, अंगठा कुठं भार घेतो, वेणी नुसती शोभेची असते का पट्ट्याला बळही देते. एखादी हुशार पोरगी त्यातनं चपलेऐवजी पट्टा करेल, जॅकेटचा खांदा करेल, त्याच वादीच्या टाक्यानं. तसं कोणी आलं तर तिला जरूर मदत करा.

प्रश्न: कलेक्शनसाठी आजीची जुनी पैठणी कापू का? पदर चांगला आहे पण अंग जागोजागी विरलंय. मैत्रीण म्हणते जुन्या जरीतून करंट जातो, खरं का?
– एक वाचक, कळंबा

उत्तर: करंट जातो, जरीचा धागा खरा असेल तर. खरी जर म्हणजे चांदीची बारीक तार चपटी करून रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली, वर सोन्याचं पाणी, त्यामुळं ती वाहक असते. १९९७ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये धुता येणारा कॉम्प्युटर करायचा प्रयत्न झाला तेव्हा त्यांनी असंच धातूची पट्टी गुंडाळलेल्या रेशमी धाग्याचं ऑर्गंझा कापड वायरीसारखं वापरलं होतं. तांब्यावरच्या टेस्टेड जरीतनंही जातो. प्लॅस्टिकच्या जरीतनं नाही. मल्टीमीटर, म्हणजे करंट तपासायचं छोटं यंत्र, घे आणि त्याची दोन टोकं काठावर एक इंच अंतरानं टेकवून बघ, आकडा हलला तर धातू आहे. कधी कधी वरच्या लेपामुळं किंवा काळं पडल्यामुळं लागत नाही, तेव्हा दोन-तीन ठिकाणी बघ.

कापू मात्र नको. विरलेल्या अंगाचे जे तुकडे आपोआप सुटलेत तेवढे घे, पदर आणि काठ मलमलच्या अस्तरावर टाचून जपून ठेव. तुला सर्किटसाठी जरीचा धागा हवाय तर महाद्वार रोडला साडीच्या दुकानांत मीटरवर जरीचे काठ मिळतात, मल्टीमीटर पर्समध्ये टाकून जा, दुकानदाराला विचारून तपासून घे. आणि आजी असतील तर ती पैठणी कधी घेतली, कोणाच्या लग्नात नेसली हे त्यांच्या तोंडून फोनवर रेकॉर्ड करून ठेव, हे या आठवड्यातच कर.